आठवीपासून शाळा तालुक्याला: सायकल की एसटीचा पास?

भाचीची शाळा यंदापासून चार किलोमीटरवर गेली आणि घरात दोन तट पडले. आईवडिलांच्या पिढीसमोरही हाच प्रश्न होता.

खर्चात एसटी सरस. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, मुलग्यांना 66.67 टक्के सवलत. पूर्वी पाससाठी आगारात रांग लावावी लागे, 2024 पासून तो शाळेतच देतात. सायकलला एकदाच मोठा खर्च, मग ट्यूब, ब्रेक, चेन चालूच. मात्र मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत पाच किलोमीटरच्या आतल्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. शाळेत जरूर विचारा.

वेळेचं गणित वेगळं, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. सकाळची गाडी चुकली की पहिला तास बुडाला, हे चाळीस वर्षांपूर्वीही होतं, आजही आहे. जादा तास, स्नेहसंमेलनाची तालीम, कबड्डीचा सराव, सगळं साडेपाचच्या गाडीकडे बघत अर्धवट सोडावं लागतं. सायकलवाली मुलगी थांबू शकते.

पावसात एसटीच बरी. दप्तर कोरडं राहतं.

बदलला तो रस्ता. तेव्हा तुरळक ट्रक असत, आता रुंद रस्त्यावर डंपर सुसाट जातात.

अंतर पाचच्या आत, आतला रस्ता आणि सोबतीला दोघीतिघी असतील तर सायकल घ्या. हमरस्ता, घाट किंवा त्याहून लांबची शाळा असेल तर पासच काढा.