जीजीभाई की प्रेमचंद? मंदीतला व्यापारी निवडताना

वसाहतकाळातल्या एखाद्या व्यापाऱ्याचा परदेशी धंदा पडत्या काळात कसा चालला, हे अभ्यासायचं तर मुंबईपुरती निवड बहुधा दोघांवर येते: चीनला अफू पाठवणारे जमशेटजी जीजीभाई आणि कापूस व शेअरबाजारातले प्रेमचंद रायचंद. प्रबंधाच्या वेळी माझंही याच दोघांत अडलं होतं.

पहिल्यांदा प्रेमचंदांचं पारडं जड वाटतं. अमेरिकेतली यादवी, त्यामुळे लिव्हरपूलला चढलेला कापसाचा भाव, मुंबईत समुद्र बुजवून जमीन काढायला निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअर आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस. व्याख्यान द्यायचं असेल तर हाच विषय रंगेल. मला मात्र एक गोष्ट सतत खुपली. यात प्रेमचंद स्वतः बोलतच नाहीत. पाहावं तिथे इतरांनी मागाहून सांगितलेले तेच ते किस्से. कापसाच्या गाठी लिव्हरपूलला पोचेपर्यंत जोखीम कोणाची, हुंडी कोणी वटवली, हे शोधायला जावं तर वाचन फिरून शेअरबाजारातच येतं. युद्ध संपलं, भाव कोसळले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली, एवढं कळतं. भाव पडत असताना या माणसाने आपल्या आडत्याला काय लिहिलं, ते माझ्या तरी हाती लागलं नाही.

जीजीभाईंकडे नेमकं तेच मिळतं. त्यांच्या पत्रांच्या नकलांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत (त्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये प्रेमचंदांनीच दिले होते!), आणि चीनमध्ये त्यांचा माल विकणाऱ्या जार्डिन-मॅथेसन या ब्रिटिश पेढीचं दप्तर केंब्रिजला. १८३९ मध्ये चिनी बादशहाचा खास अधिकारी लिन झेशू याने कँटन बंदरात अफूच्या २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या. तिथल्या ब्रिटिश व्यापाराचा अधीक्षक चार्ल्स इलियट याने सरकारच्या नावाने पावत्या दिल्या, पण लंडनने पैसे सोडले नाहीत. त्या पेट्यांत मुंबईकर व्यापाऱ्यांचाही माल होता, त्यांचं भांडवल अडकलं. यावरून पेटलेलं ब्रिटन-चीन युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानकिंग तहात अफूपोटी ६० लाख डॉलर ठरले, तेही मालाच्या किमतीला पुरेसे नव्हते. असा पैसा अडकला की व्यापारी कोणावर विसंबतो, कोणाला तगादा लावतो, हे त्याच्याच शब्दांत वाचायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

माल अफू होता, हे मात्र झाकू नका. जे. जे. रुग्णालय आणि माहीमचा कॉजवे यांचं कौतुक करताना ते सहज मागे पडतं.

हाताशी वेळ थोडा असेल तर प्रेमचंद घ्यायला माझी हरकत नाही. व्यापाराची आतली घडण समजून घ्यायची असेल, तर जीजीभाईंची १८३९ ते १८४२ ही वर्षं घ्या. तेवढीही एका प्रबंधाला पुरतात.