ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये मोठी डिझेल व्हॅन: वर्षभराच्या वापरानंतर दुखणी आणि दुरुस्तीचा खर्च

आमचा किराणा-मसाल्याचा घाऊक धंदा आहे. तुर्भ्याच्या एपीएमसीतून माल उचलायचा, वागळे इस्टेटच्या गोदामात उतरवायचा आणि तिथून घोडबंदर रोडवरच्या हॉटेलांना, दुकानांना पोचवायचा. त्यासाठी उंच छताची मोठी डिझेल व्हॅन घेतली. सेकंडहँड, बीएस-६ या प्रदूषण मानकाची, वॉरंटी संपलेली. वर्ष उलटून गेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातली बहुतेक दुखणी या वर्गातल्या कुठल्याही डिझेल व्हॅनला ठाण्यात होऊ शकतात. आकडे मी भरलेल्या बिलांवरून, साधारण दिले आहेत.

आधी चांगलं सांगतो. माणूस आत ताठ उभा राहून पोती रचतो, बाजूच्या सरकत्या दारातून अरुंद गल्लीतही माल उतरतो आणि पावसाळ्यात ताडपत्रीची कटकट नाही. टनभर माल घेऊन गायमुखचा चढ गाडी आरामात चढते. या कामाला टेम्पोपेक्षा व्हॅनच बरी, हे माझं मत आजही कायम आहे.

पण एक गोष्ट घेण्याआधीच समजून घ्या. सर्व्हिसचं वेळापत्रक किलोमीटरवर छापलेलं असतं आणि ठाण्यात गाडी झिजते ती तासांवर. कापूरबावडी ते कासारवडवली हे अंतर मोजक्याच किलोमीटरचं. संध्याकाळी त्याला तास सहज जातो. मीटरवर मोजकेच किलोमीटर वाढलेले दिसतात, इंजिन आणि क्लच मात्र तासभर राबलेले असतात. पुढचे जवळपास सगळे खर्च यातूनच आले.

सगळ्यात मोठं दुखणं डीपीएफचं, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांत हा फिल्टर आला. काजळी ठरावीक प्रमाणात साठली की इंजिन जादा डिझेल सोडून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवतं आणि ती जाळून टाकतं. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. आमची गाडी दर थोड्या वेळाने एखाद्या दुकानासमोर बंद होते. जळण अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. मग दिवा लागतो, पिकअप जातो आणि शेवटी गाडी ४० च्या पुढे जायलाच तयार होत नाही.

अर्धवट जळणाचा दुसरा तोटा याहून वाईट आहे आणि गॅरेजवाले तो क्वचितच सांगतात. ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. एका सकाळी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. चिमटीत चोळून बघितलं, पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं, सरळ डिझेलचा वास. ऑइल कमी झालं की लोक धावतात, वाढलं तर कोणी बघत नाही; पण असं पातळ ऑइल टर्बोची बेअरिंगं खातं. त्याच दिवशी ऑइल बदललं. आता पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच बदलतो आणि डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच घेतो. दुसऱ्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठत जाते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही.

खर्च असा: स्कॅनर लावून उभ्या गाडीवर फिल्टर जाळून घेणं, २,००० रुपये. ते पुरलं नाही तेव्हा फिल्टर उतरवून मशीनवर साफ करून घेतला, ९,०००. नव्या फिल्टरचं कोटेशन एक लाखाच्या वर आलं होतं. सुदैवाने त्यानंतर वेळ आली नाही, कारण चालकाला नियम घालून दिला: पहाटे तुर्भ्याला जाताना ठाणे-बेलापूर रोडवर खालचा गिअर ठेवून २,००० आरपीएमच्या वर सलग चालवायची, आणि जळण सुरू असल्याचा दिवा दिसला तर ते पूर्ण होईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. फिल्टर पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून देणारेही भेटले. ते बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच मुलाबाळांच्या छातीत जातो. मी सरळ नाही म्हटलं.

युरियाचंही इथेच सांगतो. धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू (नॉक्स) कमी करायला एक्झॉस्टमध्ये डीईएफ नावाचं द्रव फवारलं जातं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी असतं. सुटं, बिनलेबलचं स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात. आमच्या गाडीचा हे वायू मोजणारा नॉक्स सेन्सर गेला, २२,००० रुपये. आधीच्या मालकाने काय भरलं होतं कोणास ठाऊक.

आता क्लच. गिअर टाकताना कुरकुर आणि चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, एवढ्यावरून मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. प्लेट हातात दिली आणि म्हणाले, “शेठ, बोट फिरवून बघा.” फेसिंग, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, रिव्हेटच्या पातळीला आलं होतं, दोन रिव्हेट तर वर डोकावत होते, आणि प्रेशर प्लेटवर निळे-काळे डाग. “अजून आठ दिवस चालवली असती तर फ्लायव्हीलपण गेलं असतं.” प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट १४,०००, मजुरी ३,५००. इथे एकटी प्लेट बदलून पैसे वाचवायला जाऊ नका. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच आहे, आणि जुनं बेअरिंग दोन महिन्यांत आवाज करायला लागलं की ती पुन्हा भरायची. चालकाचा डावा पाय सिग्नलला क्लचवर ठेवलेला नसेल तर सेट बराच जास्त टिकतो. माजिवड्याच्या जंक्शनला न्यूट्रलमध्ये उभं राहायची सवय लावली, त्याचा फरक पेडलवर जाणवतो.

पावसाळ्यात मुंब्रा बायपास आणि घोडबंदरचे खड्डे खालून गाडी खिळखिळी करतात. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि शॅकल पिना, मजुरीसकट ४,०००. पुढचे बॉल जॉइंट आणि अलाइनमेंट मिळून ५,५००. मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग २,२००. ते गेलं की गाडी वेग घेताना फळीखालून थरथर येते आणि लोक उगाच इंजिनाचे माउंटिंग बदलत बसतात. ब्रेक पॅड, सरकत्या दाराचे रोलर, बॅटरी हे किरकोळ, चालायचंच.

दुरुस्ती कुठे, हा प्रश्न बरेच जण विचारतात. सेन्सर आणि सॉफ्टवेअरचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, कारण चुकीचा भाग बसला तर तो तिथेच ओळखला जातो. क्लच, पाटे, शाफ्ट असलं खालचं काम कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलकडचे मिस्त्री अर्ध्या मजुरीत आणि तुमच्या डोळ्यांसमोर करतात. स्पेअर मात्र स्वतः बिलावर घ्या. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ होता. बिल टाळून डुप्लिकेट घेण्यात आता आणखी कमी अर्थ उरलाय.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी गाडी थंड असताना बघायला जा, डिपस्टिकवरचं ऑइल हुंगून बघा आणि स्कॅनरवर फिल्टरमधली काजळी किती टक्के दाखवते ते वाचून घ्या. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. आणि तुमच्या सगळ्या फेऱ्या ठाणे शहरातच असतील, हायवेचं तोंडही बघायचं नसेल, तर डिझेल घेऊच नका. सीएनजी गाडीत माल थोडा कमी बसेल, पण तिला डीपीएफ नसतो.