चांगलं वाइंडिंग काढून ॲल्युमिनियम भरलं: जनरेटरवाल्यांनो, सावध राहा

कोल्हापुरात गणपतीच्या तोंडावर वर्षभर गोडाऊनमध्ये पडून असलेले छोटे पेट्रोल जनरेटर बाहेर निघतात. मंडळाची तारीख ठरलेली असते, मालकाला घाई असते आणि तिथंच गळा कापला जातो. करवीर तालुक्यातल्या एका मंडपवाल्यांच्या अडीच केव्हीए मशीनचं काय झालं, ते मुद्दाम तपशिलात देतोय.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू, पण सॉकेटवर जेमतेम 4 व्होल्ट. कारागिरानं कव्हर न खोलताच सांगितलं, “मालक, वाइंडिंग गेलंय, नवीन भरायला लागतंय.” वाइंडिंग म्हणजे वीज तयार होते ते तारेचे वेढे. बिल साडेआठ हजार. मशीन परत आलं तेव्हा पॅनेलवर 230 दिसत होते. मंडपात हजार-हजार वॅटचे दोन हॅलोजन लावले की व्होल्टेज 180 वर यायचं आणि अर्ध्या तासात अल्टरनेटरचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं) कव्हर हात टेकवेना इतकं तापायचं.

मुळात 4 व्होल्ट म्हणजे वाइंडिंग जळलं असा अर्थ होत नाही. रोटरच्या (आत फिरणाऱ्या भागाच्या) लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यावर तेवढे व्होल्ट येतात. पुढं वाढत नाहीत, कारण फील्डला (रोटरला चुंबक बनवणाऱ्या वाइंडिंगला) करंट पोचत नाही. पडून राहिलेल्या मशीनमध्ये स्लिप रिंगवर (रोटरच्या दांड्यावरच्या धातूच्या कड्यांवर) गंज चढलेला असतो, त्यांना टेकून करंट देणारा कार्बनचा ब्रश होल्डरमध्ये अडकलेला असतो, नाहीतर व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर गेलेला असतो. स्लिप रिंग बारीक पॉलिश पेपरनं पुसणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ब्रश झिजून पाच मिलिमीटरच्या आत आला असेल तर बदलायचा.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एव्हीआर आणि ब्रशच्या वायरी काढा, प्लस-मायनसची खूण करून ठेवा. रोटरचा रेझिस्टन्स मोजा, मॉडेलनुसार साधारण 30 ते 100 ओहम यायला हवा. मग सगळा लोड काढून इंजिन सुरू करा आणि 12 व्होल्टची बॅटरी त्याच प्लस-मायनसनं दोन-तीन सेकंद ब्रशला द्या. सॉकेटवर व्होल्टेज झपकन पन्नास-शंभरच्या घरात गेलं, तर रोटर आणि मेन वाइंडिंग दोन्ही बहुतेक शाबूत. दोष एव्हीआरचा किंवा हरवलेल्या चुंबकत्वाचा. एव्हीआर परत जोडल्यावर मशीन आपोआप 230 वर आलं, तर काहीच बदलायचं नाही. मशीन उघड्यावरच चालवा, बंद खोलीत धूर जीव घेतो. ज्या लहान मशीनमध्ये ब्रश नसतात तिथं ही चाचणी चालत नाही. तिथं आधी कपॅसिटर तपासा, पण टर्मिनलला हात लावण्यापूर्वी तो बल्बवर डिस्चार्ज करून घ्या. आणि त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कुणी बसवला, तर व्होल्टेज वर येतं पण कपॅसिटरला जोडलेलं एक्सायटेशन वाइंडिंग भाजून निघतं.

आता त्या दुकानानं काय केलं ते बघा. कव्हर काढून स्टेटरच्या (न फिरणाऱ्या भागाच्या) एका कडेच्या तारेवर ब्लेडनं हलकं खरवडलं, तर तपकिरी इनॅमलखाली पांढरी तार! टोकाला साधा सोल्डर लावला तर कथलाचा थेंब न चिकटता घरंगळून गेला. तांबं गेलं होतं भंगारात आणि त्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार भरली होती. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून लोडवर व्होल्टेज खाली बसतं आणि उष्णता वाढते. काही स्वस्त मशीन कंपनीतूनच ॲल्युमिनियमची येतात हेही खरं, पण तांब्याचे पैसे घेऊन ते भरणं ही चोरीच आहे.

शिवाय गव्हर्नरचा (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा) स्क्रू आवळून ठेवलेला. मल्टिमीटर हर्ट्झवर टाकला तर 57! आपल्याकडं 50 हर्ट्झसाठी दोन पोलचं मशीन 3000 आरपीएमवर फिरतं, रिकाम्या मशीनला 51-52 चालतात. त्यापुढं इंजिन पळवून व्होल्टेज दाखवलं असेल तर डिलिव्हरी घेऊ नका. पॅनेलचा मीटर बघून पैसे देणं तर अजिबात नको, निम्म्याहून जास्त लोड लावून निदान वीस मिनिटं चालवून बघा.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या मशीनची गोष्ट वेगळी. ते आधी नीट वाळवायचं, 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) एक मेगाओहमच्या वर आल्याशिवाय सुरू करायचं नाही. तेही न मोजता “भरावं लागेल” म्हणणारा तुमचं तांबंच बघत असतो.

उद्यमनगरात इमानदार रिवाइंडर रग्गड आहेत, त्यांना पुढचं काही मागितलं तर राग येत नाही: काम देण्याआधी स्टेटरचं वजन करून फोटो, बिलावर ‘कॉपर’ हा शब्द आणि तारेचा गेज (जाडी), जुनी तार पिशवीत घालून परत. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, त्यामुळे वजन खोटं बोलत नाही. फसला असाल तर बिल आणि खरवडलेल्या तारेचा फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर त्याला फी लागत नाही.