दीड टनी पिकअप, आठ महिने: ब्रेक पुन्हा पुन्हा का जात होते

वापर आधी सांगतो. दीड टन भाराची, दुसऱ्या हाताने घेतलेली डिझेल पिकअप. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, पेडलला व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा). रोज तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधून वागळे इस्टेट आणि घोडबंदर रोड, आठवड्यातून दोनदा मुंब्रा बायपासने भिवंडी, महिन्याकाठी एखादी बोरघाटाची खेप. इंजिन, गिअर, मायलेज यांबद्दल तक्रार नाही. ब्रेक मात्र आठ महिन्यांत चार वेळा गेले. पहिल्यांदा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा पंप) बदलला, दुसऱ्यांदा पुन्हा मास्टर आणि सोबत बूस्टर, तिसऱ्यांदा पुढचे पॅड आणि डिस्क. चौथ्यांदा कारण सापडलं. ते यांपैकी एकाही वस्तूत नव्हतं.

तीन दुरुस्त्या फसल्या त्या तपासण्याच्या पद्धतीमुळे. गॅरेजमधून निघालेली रिकामी गाडी सपाट सर्व्हिस रोडवर फिरवली की ब्रेक उत्तम लागायचा. हा दोष पूर्ण भार आणि लांब उतार एकत्र आल्याशिवाय दिसतच नाही. त्यामुळे दर वेळी 'झालं काम' म्हणून गाडी हातात आली आणि पुढच्या घाटात पेडल तळाला गेलं.

'ब्रेक फेल' या एका नावाखाली वेगवेगळे बिघाड येतात. मिस्त्रीला नुसतं 'ब्रेक लागत नाही' सांगू नका, पेडल नेमकं काय करतं ते सांगा. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं, ते हळूहळू खाली सरकलं आणि ऑइल कुठेच गळत नसेल, तर मास्टरचे आतले कप गेले. मास्टरचे नट सोडून बूस्टरच्या तोंडाशी ओल आहे का तेही पाहा, तिथली गळती बाहेरून दिसत नाही. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येत असेल, तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमपासून लांब पडलेत. पेडल दगडासारखं कडक झालं तर व्हॅक्यूमकडे बघा. पेडल टणक आहे, जळका वास येतोय, पण गाडी रेटून थांबत नाही, तर पॅड तापून पकड सुटली. आणि उतारावर पेडल एकदम पोकळ होऊन तळाला गेलं, गाडी अर्धा तास उभी केल्यावर आपोआप परत आलं, तर कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं) ब्रेक ऑइल उकळलं. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. थंड झाली की तिचं पुन्हा ऑइल होतं आणि तपासणीत काहीच सापडत नाही. या गाडीचा आजार हाच होता.

ऑइल उकळण्याइतकी उष्णता येते कुठून? ३ टन वजनाची भरलेली गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा साधारण २९ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ९ लिटर पाणी उकळीला येईल इतकी. बोरघाटाचा उतार ५०० मीटरच्या आसपास आहे. इंजिनने गाडी रोखली नाही तर यातला बहुतेक भार ब्रेकवर येतो. तरीही नेमलेल्या भारात, योग्य गिअरमध्ये ही ब्रेकव्यवस्था पुरेशी आहे, कारण हे काम चारही चाकांनी वाटून घ्यायचं असतं. इथे ते दोनच चाकं करत होती.

मागच्या अॅक्सलच्या वर, चॅसिसला एक व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही, म्हणजे भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. माल भरला की हौदा खाली बसतो, चॅसिस आणि अॅक्सलमधलं अंतर कमी होतं, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की तो दाब कापतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन शेपूट फिरेल. आता या गाडीला आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंना मागच्या कमानीत (लीफ स्प्रिंगमध्ये) एकेक जादा पाटा घातलेला. गाडी उंच झाली. दीड टन भरूनही चॅसिस पुरेसं खाली येईना. व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी कायम अर्धी रिकामी! मागचे ड्रम आरामात, पुढच्या डिस्क मात्र भाजून निघतात. मुंब्रा बायपास उतरून शिळफाट्याला थांबलं की पुढच्या चाकातून धग यायची आणि मागचे ड्रम जेमतेम कोमट असायचे. हा फरक कोणीतरी पहिल्याच खेपेला पाहायला हवा होता.

तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. उतारानंतर लगेच चारही चाकांवर सारख्याच जागी धरा. चकचकीत डिस्कवर तो आकडा कमी दाखवतो, म्हणून आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. पुढची चाकं जास्त तापणारच, पण भरलेल्या गाडीत मागचे ड्रमही चांगले गरम लागले पाहिजेत. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर तो वेगळा दोष आहे, त्याकडे पुढे येतो.

उपाय दोनच. जादा पाटा काढून मूळ उंची आणा, किंवा नव्या उंचीप्रमाणे दांडी सेट करून मागच्या लाइनचा दाब गेजने तपासून घ्या. आम्ही पाटा काढला. जादा पाट्याने कमान जादा भार पेलेल, पण ब्रेक मोठे होत नाहीत. शिवाय जादा भार पकडला गेला तर २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. काही गॅरेजवाले दांडी तारेने वर बांधून टाकतात, म्हणजे मागे कायम पूर्ण दाब. हे अजिबात करू देऊ नका. पावसात रिकाम्या गाडीने पाम बीच रोडवर जोरात ब्रेक दाबला तर मागची चाकं आधी जाम होतील.

दुसरं अर्धं कारण ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवीन असताना २०५ अंश, ओल धरल्यावर १४०. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. तिन्ही दुरुस्त्यांत टाकीत वरून नवं ऑइल भरलं गेलं, पण कॅलिपरमध्ये जुनंच राहिलं, आणि उकळतं ते तिथलंच. खाडीकाठच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदला. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच दर्जा वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही.

बदलण्यासाठी एक लिटर सीलबंद डबा, पारदर्शक नळी, निपलचा (चाकाजवळ ऑइल आणि हवा बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूचा) रिंग पाना आणि दोन माणसं लागतात. आधी टाकीतलं काळं ऑइल पिचकारीने ओढून काढा, नवं भरा. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एलएसपीव्हीला स्वतंत्र निपल असेल तर त्याची जागा मॅन्युअलप्रमाणे. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सोडून पुन्हा आवळायचा, मगच पाय उचलायचा. नळीत स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत हेच. टाकी मध्येच रिकामी झाली तर हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पाटा आणि ऑइल झाल्यावरही पुढचं डावं चाक जास्त तापत होतं. जॅकवर चाक उचलून फिरवलं तर जड. अशा वेळी निपल किंचित सोडा. चाक मोकळं झालं तर दाब अडकून राहतोय: एक तर रबरी होज आतून सुजला आहे, किंवा मास्टरचा पुशरॉड (बूस्टरमधून त्याला ढकलणारी दांडी) जास्त लांब बसलाय. मास्टरचे नट सोडून तो बूस्टरपासून दोनेक मिलिमीटर पुढे घेतल्यावर चाक सुटलं, तर पुशरॉडच दोषी. निपल सोडूनही जड राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो ती सरकपिन अडकली. इथे पिन गंजलेली निघाली. साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं आणि रबरी बूट नवे टाकले. चॅसिसचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं. पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षातून दोनदा हे काम करावंच.

ड्रम उघडल्यावर लायनरवर ओल दिसली तर ती कशाची हे पाण्याने कळतं. त्या ओलीचा थेंब पाण्यात टाका: ब्रेक ऑइल मिसळतं, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय; गिअर ऑइल वर तरंगतं, म्हणजे अॅक्सलचं सील गेलं. ओला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, बदला. अॅडजस्टर डाव्या-उजव्याचे वेगळे असतात. अदलाबदल झाली तर ते लायनर जवळ आणण्याऐवजी लांब नेतात.

व्हॅक्यूमची चाचणी एका मिनिटाची. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक झाल्यावर दाबूनच धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर नळी, एकदिशा व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूम पंप याच क्रमाने बघा, बूस्टर शेवटी. आमचा बूस्टर विनाकारण बदलला गेला.

उतरताना चढायला लागला असता तोच गिअर, आणि ब्रेक सतत टेकवून ठेवण्याऐवजी ठाम दाबून सोडणं. न्यूट्रलमध्ये उतरलं तर इंजिन गाडी रोखत नाही, आणि इंजिन बंद करून उतरणं म्हणजे बूस्टरमध्ये जेमतेम दोन-तीन दाब शिल्लक. ऑइल उकळलंच तर हँडब्रेक केबलने मागच्या ड्रमवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. खालचा गिअर टाका आणि तो हळूहळू ओढा.

पाटा काढल्यापासून बोरघाटाच्या तीन भरलेल्या खेपा झाल्या, पेडल एकदाही तळाला गेलं नाही. जुनी पिकअप घेणार असाल तर मागे वाकून आधी पाटे मोजा, मॅन्युअलमधल्या संख्येशी ताडून बघा, आणि एलएसपीव्हीची दांडी मोकळी हलते की तारेने बांधलीय ते पाहा. मग किमतीवर बोला.