एरर कोडच येत नाही तेव्हा: पोस्टग्रेस १६ च्या लॉगचा काही महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. पोस्टग्रेस या डेटाबेसचं लॉगिंग (काय घडलं त्याच्या नोंदी ठेवणं) फार चांगलं आहे, पण इन्स्टॉल करून तसंच सोडलं तर ते जवळजवळ मुकं असतं. आमचं बॅकएंड पायथनमध्ये, मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसची मोजकी कनेक्शन्स अनेकांना वाटून देणारा प्रोग्रॅम), मागे पोस्टग्रेस १६. रिपोर्टची जॉब्स लांबलचक म्हणून ती थेट डेटाबेसला जोडलेली. गेल्या पावसाळ्यापासून हे सगळं प्रॉडक्शनवर आहे.

पोस्टग्रेस प्रत्येक एररला पाच अक्षरांचा कोड देतो. डुप्लिकेट नोंदीला २३५०५, डेडलॉकला (दोन ट्रान्झॅक्शन्स एकमेकांसाठी अडकून बसणं) ४०पी०१, इथपर्यंत काही त्रास नाही. वैताग येतो तो पायथनच्या एक्सेप्शनमधला पीजीकोड (हाच एरर कोड) रिकामा निघतो तेव्हा. कोड सर्व्हर पाठवतो. तो आलाच नाही म्हणजे सर्व्हरकडून काही उत्तरच आलं नाही आणि समोर दिसणारा मेसेज आपल्याच मशीनवरच्या क्लायंट लायब्ररीने लिहिलाय. हे एकदा डोक्यात बसलं की ॲप्लिकेशनचा कोड उकरत बसणं थांबतं.

आमच्याकडे महिनाअखेरीचा रिपोर्ट 'सर्व्हर क्लोज्ड द कनेक्शन अनएक्सपेक्टेडली' म्हणून पडायचा. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाला ओळ होती: 'टर्मिनेटेड बाय सिग्नल ९: किल्ड'. म्हणजे मेमरी संपली आणि लिनक्सनेच प्रोसेस मारली. डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या लॉगमध्ये) तशी नोंदही सापडली. गंमत अशी की जिच्यामुळे हे झालं त्या क्वेरीला कोड नाही, आणि शेजारच्या निरपराध सेशन्सना मात्र ५७पी०२ (दुसरी प्रोसेस क्रॅश झाली) कोडचा इशारा मिळतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये सिग्नल ९ च्या पुढच्या डिटेलच्या ओळीत ती क्वेरी छापलेली असते, पण पहिले १०२४ बाइटच. ओआरएमने (कोडमधून आपोआप एसक्यूएल लिहिणारी लायब्ररी) बनवलेली क्वेरी असेल तर तेवढ्यात कॉलमांची यादीही संपत नाही, कोणतं टेबल ते कळणं दूरच. ही मर्यादा ठरवणारी ट्रॅक_ॲक्टिव्हिटी_क्वेरी_साइझ ही सेटिंग वाढवा. त्यासाठी रीस्टार्ट लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी वाढवा.

मूळ कारण वर्क_मेम, म्हणजे सॉर्ट वगैरे कामांसाठीची मेमरीची मर्यादा. कुणीतरी २५६ एमबी करून ठेवला होता. तो सबंध क्वेरीला मिळून नसतो. प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळा, पॅरलल वर्कर असतील तर त्यांनाही वेगळा. तो खाली आणला आणि कर्नलचं ओव्हरकमिट_मेमरी २ केलं, म्हणजे मर्यादेपलीकडे मेमरी द्यायला तो आधीच नकार देतो. आता मेमरी कमी पडली तर फक्त ती क्वेरी पडते, आणि ५३२०० (मेमरी संपली) असा स्वच्छ कोड देऊन पडते. सबंध वापरात सगळ्यात जास्त फायदा याच एका बदलाने झाला.

दुसरी डोकेदुखी फायरवॉलची. बराच वेळ गप्प असलेलं कनेक्शन तो कुणालाही न कळवता टाकून देतो. पुढची क्वेरी मग साधारण १५ मिनिटं लटकते आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं, पुन्हा कोडशिवाय. सर्व्हरला तर पत्ताच नसतो. लिनक्सची कीपअलाइव्हची (गप्प कनेक्शन जिवंत आहे का हे अधूनमधून तपासणं) मूळ सेटिंग ७२०० सेकंदांची, त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये ओळ उमटते दोन तासांहून जास्त उशिरा. वेळा जुळवत बसलात तर काहीच जुळत नाही. दोन्ही बाजूंना कीपअलाइव्ह ६० सेकंदांवर आणल्यापासून हा प्रकार बंद आहे.

पीजीबाउन्सरबद्दल मत संमिश्र. काम चोख, पण त्याचे स्वतःचे एरर बहुतेक ०८पी०१ याच कोडाखाली येतात, म्हणजे 'प्रोटोकॉल व्हायोलेशन'. पूलमध्ये १२० सेकंद जागा मिळाली नाही तरी तेच. मागचा सर्व्हर गेला तर 'सर्व्हर कॉन क्रॅश्ड?' असा मेसेज येतो. प्रश्नचिन्ह माझं नाही, त्यांचंच आहे. इथे कोडाकडे बघू नका, मेसेज वाचा. शिवाय ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्ये (प्रत्येक ट्रान्झॅक्शनपुरतंच कनेक्शन मिळतं) पीआयडीवरून (सर्व्हर प्रोसेसचा क्रमांक) ॲपची कोणती रिक्वेस्ट हे शोधता येत नाही, म्हणून प्रत्येक सर्व्हिसला वेगळं ॲप्लिकेशन_नेम द्यावंच लागतं.

आमच्या लॉग_लाइन_प्रीफिक्समध्ये (लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा मजकूर) आता वेळ आणि पीआयडीसोबत %ए (ॲप्लिकेशनचं नाव) आणि %ई (एरर कोड) आहेत. लॉग_लॉक_वेट्स (लॉकसाठी लांबलेली वाट) आणि लॉग_डिसकनेक्शन्स (कनेक्शन तुटल्याची नोंद) चालू. शेवटच्याने लॉग बराच फुगतो, डिस्क बघून ठेवा. मॅनेज्ड डेटाबेस (क्लाउड कंपनीच चालवते तो) घेतला असेल तर डीमेसेज बघायला मिळत नाही. आमच्या टेस्ट सर्व्हरवर तीच अडचण आहे. तिथे मेमरीचा ग्राफ आणि सिग्नल ९ ची ओळ शेजारी ठेवून अंदाज बांधावा लागतो, आणि ग्राफ मिनिटाला एकच ठिपका देत असेल तर तेही धड जमत नाही.