टेलस्केल आणि विंडोजचा रिमोट डेस्कटॉप: एका अकाउंट्सवालीचा सात महिन्यांचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं हिशेब बघते. राहायला जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नवरात्रात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. दुपारनंतर घरी कोणीतरी थांबायला हवं होतं, आणि अशा वेळी ‘कोणीतरी’ म्हणजे सूनच असते. मालक म्हणाले, “मॅडम, घरून करा की. टॅलीच आहे ना?” टॅलीच होती, पण ती ऑफिसातल्या संगणकात. आणि महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला थ्रीबी, ही जीएसटीची विवरणपत्रं. सासूबाईंचं हाड काही तारखा बघून जुळत नाही.

आमच्याकडे प्रिंटर बघायला येतो त्यालाच बोलावलं. दहा मिनिटांत “झालं बघा मॅडम” म्हणाला. माझ्या लॅपटॉपवर ऑफिसचा स्क्रीन जसाच्या तसा! मी खूश. चहा पाजला, ५०० रुपये दिले. त्याने काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. कॅमेऱ्यांसाठी आम्ही स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा कधी न बदलणारा पत्ता, घेतलेला आहे. राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचा दरवाजा, उघडून त्याने तो सरळ माझ्या संगणकाला जोडून दिला होता. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३.

आठवडाभराने सकाळी ऑफिसात गेले तर संगणक मलाच आत घेईना. अकाउंट लॉक झालंय म्हणे. दहा मिनिटांनी उघडलं, दुपारी पुन्हा लॉक. मी म्हटलं, कॅप्स लॉक राहिला असेल. तिसऱ्या दिवशी मुलीच्या वर्गातल्या एका पोराला फोन केला. अशोक चौकातला आहे, घरी तेलुगू, बाहेर मराठी, नेटवर्कची कामं करतो. आला, खुर्चीवर बसला आणि इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडून ४६२५ नंबरच्या नोंदी तेवढ्या गाळून काढल्या. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. यादी खाली खाली जातच राहिली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, टेस्ट, युझर आणि मधूनमधून अकाउंट्स, म्हणजे आमच्याच यंत्रावरचं नाव. वेळ रात्री दोन, सव्वादोन, तीन. काही सेकंदाला एक.

“काकू, हे कोणी माणूस बसून करत नाही,” तो म्हणाला. रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूरच्या संगणकाचा स्क्रीन इथे दाखवणारी विंडोजची सोय, आणि तिचा ठरलेला दरवाजा ३३८९. अख्ख्या इंटरनेटवर तो कुठे उघडा आहे हे शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. सापडला की नावं आणि पासवर्ड घालून बघायचे. नवं विंडोज ११ दहा चुका झाल्या की अकाउंट दहा मिनिटं बंद करतं, म्हणून मला कळलं तरी. नाहीतर कंपनीचं नाव आणि १२३ किती दिवस टिकणार होतं?

पहिल्या माणसाला फोन लावला. “मग नंबर बदलतो, ३३९० करतो.” पोरगा शेजारी उभा राहून हसला. स्कॅन करणारा सगळेच नंबर बघतो की.

मालकांचं म्हणणं वेगळंच. “आपल्याकडे काय आहे चोरायला? टॉवेल?” मग पोराने त्यांना समजावलं, की चोरून नेत नाहीत मालक, आहे तिथेच कुलूप घालतात आणि किल्लीचे पैसे मागतात. मार्च एंडला टॅली उघडली नाही तर? मालकांचा चेहरा बदलला. त्यात आमच्या डिझाईनच्या खोलीत जकार्डच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ चं एक जुनं डबडं अजून चालू आहे. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक उघड झालं होतं. विंडोज ७ सारख्या जुन्या यंत्रांत याच रिमोट डेस्कटॉपमधून, पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. ते इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये सोडून दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा भोक बुजवणारा पॅच काढला. हे ऐकल्यावर मालक स्वतः उठून त्या डबड्याची नेटची वायर काढून आले.

आता मूळ परीक्षण. पोराने आधी राउटरमधला पोर्ट बंद केला. मग ऑफिसच्या संगणकावर आणि माझ्या लॅपटॉपवर टेलस्केल टाकलं. हे वायरगार्ड नावाच्या तंत्रावर चालणारं व्हीपीएन आहे, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारा पण खाजगी, बंद रस्ता. दोन्ही यंत्रांना १०० ने सुरू होणारा एकेक खाजगी पत्ता मिळतो, आणि ती एकाच खोलीत असल्यासारखी एकमेकांना दिसतात. बाहेरच्याला काही दिसत नाही. राउटरला हात लावावा लागत नाही, स्टॅटिक आयपी लागत नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरूनही चालतं. आत शिरायला गुगलचं खातं, आणि त्याला फोनवरचा दुसरा पडताळा. स्क्रीन दाखवायचं काम विंडोजचाच रिमोट डेस्कटॉप करतो. ऑफिसच्या यंत्रावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्तीवर ती सोय नाही. घरच्या लॅपटॉपवर होम चालतं.

फायरवॉलमध्येही त्याने रिमोट डेस्कटॉपचा नियम फक्त त्या १०० वाल्या पत्त्यांपुरता ठेवला. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (स्क्रीन दिसायच्या आधीच पासवर्ड मागणारी सोय) चालू आहे ना बघितलं, माझ्यासाठी वेगळा साधा युझर केला, अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेला. मग विचारलं, “लॅपटॉप घरी कोण कोण वापरतं?” मी म्हटलं, मुलगा, गेम डाउनलोड करतो कुठून कुठून. पोराने हात आखडला. लॅपटॉप पुसून नव्याने विंडोज टाकल्याशिवाय पुढे जाईना. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. एकूण १५०० रुपये घेतले. टेलस्केल घरगुती वापराला फुकट आहे, पण हे कारखान्याचं काम म्हणून पैसे भरायचा प्लॅन घेतला. बिल डॉलरमध्ये येतं, तेवढं मालकांना खुपतं.

पहिल्या रात्रीच अडकले. पिन घालतेय, घालतेय, घेतच नाही. रिमोट डेस्कटॉपला पिन चालत नाही, खरा पासवर्डच लागतो, आणि मी ऑफिसात पिनने आत जायची सवय लावून पासवर्ड विसरलेली. दुसरी फजिती प्रिंटची. घरून चौदा इन्व्हॉइसना प्रिंट दिलं आणि इथे घरी प्रिंटरजवळ उभी. सकाळी ऑफिसच्या ट्रेमध्ये सगळा गठ्ठा. तिसरी माझीच चूक: काम संपल्यावर सवयीने शटडाउन केलं. दुसऱ्या दिवशी रविवार, वॉचमन मामांना फोन करून बटण दाबायला लावलं. मामा म्हणाले, “कुठलं बटण ताई? लाल का?” लाल बटण स्टॅबिलायझरचं. लाइट जाऊन आली तर यंत्र आपोआप चालू व्हावं, ही सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असते. ती पोराने नंतर करून दिली, आणि स्लीपही कायमचं बंद केलं.

वेगाचं म्हणाल तर टॅलीला भरपूर. आकडे टाकताना घरच्या फायबरवर फरक जाणवत नाही, मोबाईलवर किंचित मागे पडतं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहरातून पलीकडे जायची सोय नव्हती, तेव्हा चार दिवस घरूनच बसले. पुण्याला लेकीकडे जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्येही एकदा बँकेचा ताळमेळ करत होते. कुर्डुवाडीच्या आसपास रेंज गेली. मला घाम. पण नेट तुटलं तरी ऑफिसातलं सत्र जिथल्या तिथे उभं असतं. पुन्हा जोडलं तेव्हा व्हाउचर अर्धं लिहिलेलं तसंच, कर्सरसुद्धा त्याच रकान्यात.

टेलस्केल दर १८० दिवसांनी यंत्राला नव्याने लॉगिन करायला लावतं. ऑफिसच्या यंत्राला ते बंद ठेवलंय, नाहीतर एक दिवस मी घरी आणि लॉगिनची खिडकी तिकडे रिकाम्या खोलीत. लॅपटॉपला चालू आहे, ते बरंच. क्लिपबोर्ड आणि घरची ड्राइव्ह तिकडे दिसणं पोराने बंद केलंय. सुरुवातीला चिडले, आता सवय झाली. आणि हे सगळं असूनही टॅलीचा बॅकअप दर शनिवारी पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या कपाटात, साड्यांखाली.

शनिवारीच ४६२५ ची यादीही बघते. गेल्या खेपेला दोन नोंदी होत्या, दोन्ही माझ्याच.

एकच गोष्ट अजून सुटलेली नाही. विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस. संध्याकाळी डिस्पॅचचा पोरगा त्याच यंत्रावर त्याच्या नावाने चलनं करत असतो. मी घरून जोडायला गेले की त्याच्या स्क्रीनवर चौकट येते, अमुक जणांना आत यायचंय, येऊ द्यायचं का? अर्ध्या मिनिटात त्याने काही दाबलं नाही तर मी आत, तो बाहेर. नकार दाबला तर मी बाहेरच. साडेसातनंतर यंत्र माझं असं आमचं ठरलंय. तरी ट्रक लागलेला असला की तो पावणेआठपर्यंत नकार दाबत राहतो, आणि मग फोन करून म्हणतो, “मॅडम, तुम्हीच होता का? मला वाटलं हॅकर.”