इग्निशन हलवल्याचे बिल घेतले, डिस्ट्रिब्युटर मात्र जागेवरच

इंग्लंडमध्ये माझ्याकडे एक जुनी लोटस इलान आहे. तिच्या १५५८ सीसी ट्विन कॅम इंजिनात डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लगला पाळीपाळीने ठिणगीचा विद्युतप्रवाह पोहोचवणारा भाग, कार्ब्युरेटरांच्या खाली येतो, त्यामुळे कार्ब्युरेटरमधील फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई अडकून किंवा एखाद्या जोडातून पेट्रोल ठिबकले तर ते थेट त्याच्यावर पडते, आणि बॉडी फायबरग्लासची असल्याने आग लागली की गाडी वाचवणे फार कठीण होते. २०२१ मध्ये येथे साधे पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले, झाले. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, म्हणून मी डिस्ट्रिब्युटर काढूनच टाकायचे ठरवले.

ठिणगीची वेळ ठरवण्यासाठी क्रँक पुलीवर दात्यांची चकती व सेन्सर, दूर बल्कहेडवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीवर) प्लगना थेट उच्च दाबाची वीज देणारा कॉइल पॅक आणि डिस्ट्रिब्युटरच्या जागी झाकण, असे काम एका गॅरेजशी ठरले. बँकेतून परस्पर पैसे भरल्यास सूट देऊ, असे त्यांनी सांगितले आणि मी ते मान्य केले. क्रेडिट कार्ड वापरले असते तर १०० पौंडांहून अधिक किमतीच्या कामासाठी ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) कलम ७५ नुसार कार्ड कंपनीकडेही दाद मागता आली असती. कामाची छायाचित्रे आली. त्यांतील इंजिनाच्या कव्हरचा रंग माझ्या इंजिनाचा नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

चार महिन्यांनी पेट्रोलचा वास आला, म्हणून बॅटरीची तार काढून मी टॉर्च आणि आरसा घेऊन खाली पाहिले. डिस्ट्रिब्युटर होता तिथेच होता. बल्कहेडवर रबरी आवरणाखाली जुनीच कॉइल नेऊन बसवली होती, आणि वरून तेवढेच दिसत असल्याने माझे समाधान झाले होते. पॉइंटऐवजी (प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जुन्या यांत्रिक स्विचऐवजी) डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घातले होते. ते वाईट नसते, पण आत फिरणारा रोटर आणि टोपी यांच्यामध्ये ठिणगी उडतच राहते आणि मूळ धोका जसाच्या तसा राहतो. चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट असल्याने त्रयस्थ नजरही पडली नव्हती. विमा कंपनीला मी हा बदल लेखी कळवला होता, तो खोटा ठरला. त्याची दुरुस्ती त्याच दिवशी कळवली.

असे काम कोणी करून घेणार असेल तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी काढलेला डिस्ट्रिब्युटर स्वतःच्या हातात मागून घ्यावा आणि पुलीवरची चकती आपल्या डोळ्यांनी पाहावी. ग्राहक हक्क कायदा २०१५ चा आधार घेऊन मी गॅरेजला काम पुन्हा करून देण्याचे पत्र पाठवले आहे. उत्तर आलेले नाही, आणि बॅटरीची तार मी अजून जोडलेली नाही.